ब्रेकची बखर

इतिहासाच्या पुस्तकात सगळी माणसे कुठे ना कुठे निघालेली असतात. कोणी दिल्लीवर चालून जातो, कोणी अटकेपार जातो, कोणी हिंदुस्थान शोधायला म्हणून गलबतात बसतो आणि भलत्याच खंडाला जाऊन धडकतो. थांबलेल्या माणसाला इतिहासात जागा नाही. फार तर 'वाटेत मुक्काम पडला' एवढे एक वाक्य, आणि तेही मुक्कामात काही दगाफटका झाला असेल तरच. यंत्रांच्या इतिहासाचीही तीच तऱ्हा. वाफेचे इंजिन म्हटले की शाळकरी पोर झोपेतही जेम्स वॅटचे नाव घेते. (वॅटच्या कितीतरी आधी न्यूकोमेनचे इंजिन खाणीतले पाणी उपसत होते, पण झोपेत एवढे बारकावे कोण पाहणार!) विमान म्हटले की राइट बंधू. पण 'ब्रेक कोणी शोधला?' असे वर्गात विचारून पाहा. मास्तरसुद्धा खिडकीबाहेर बघू लागतील.

हा अन्याय मला जरा जास्तच झोंबतो, कारण मी स्वतः एक ब्रेक आहे. म्हणजे बँकेत कारकून आहे. कर्जमेळाव्यात हार पडतो तो मॅनेजरसाहेबांच्या गळ्यात. पण सही जुळत नाही, तारीख उलटून गेली आहे, अक्षरी रकमेचे आणि आकडी रकमेचे आपसांत पटत नाही, म्हणून चेक थोपवून धरणारा जो प्राणी काउंटरमागे बसलेला असतो, त्याला हार सोडाच, साधे 'थँक्यू'ही मिळत नाही. मिळते ते 'तुमच्यासारख्या लोकांमुळेच हा देश मागे आहे' हे वाक्य. बँक पुढे जाते ती साहेबांमुळे, हे मला मान्य आहे. पण ती खड्ड्यात जात नाही ती कोणामुळे?

तेव्हा आमच्या बारा वर्षांच्या गाडीचे मागचे ब्रेक लायनर बदलायची वेळ आली, आणि मी ते काम गॅरेजात न देता सोसायटीच्या आवारात स्वतःच करायचे ठरवले, त्यामागे चिक्कूपणा होता हे सौ.चे म्हणणे मला मंजूर नाही. त्यामागे जातभाईबद्दलची आपुलकी होती.

अर्थात 'स्वतः' या शब्दाची व्याप्ती स्पष्ट केली पाहिजे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांचा हात गॅरेजातल्या ग्रीसमध्ये होता. फियाट टॅक्सी नुसत्या आवाजावरून ओळखत. "काकांच्या देखरेखीशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही," अशी सौ.ने अट घातली. माझ्या विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी ती स्वतः असूनही तिने ही अट घातली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

रविवारी सकाळी काकांनी गाडी सपाट जागी घ्यायला लावली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. मग म्हणाले, "आता हँडब्रेक सोडा." हे ऐकून जमलेल्या मंडळींत खळबळ उडाली. गाडी वर उचलायची आणि हँडब्रेक सोडायचा? पण त्यात शास्त्र आहे. हँडब्रेकची तार जाते ती मागच्याच चाकांतल्या ब्रेकला. तो ओढलेला असला तर आतले शू ड्रमला धरून बसतात आणि ड्रम जागचा हलत नाही. नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, मग जॅक लावायचा, आणि जॅकच्या भरवशावर न राहता गाडीखाली पक्की घोडी द्यायची. "जॅकवर विश्वास म्हणजे पुढाऱ्यावर विश्वास," काका म्हणाले. "उचलतो झकास. कधी सोडेल सांगता येत नाही."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी 'आवारात वाहनदुरुस्तीस मनाई' या ठरावाची प्रत घेऊन खाली उतरले. चाक निघाले होते. ड्रमला दोन आटे असलेली भोके होती. त्यांत काकांनी दोन बोल्ट थोडे थोडे पिळत नेले आणि ड्रम एखाद्या डब्याच्या झाकणासारखा अलगद सुटून आला. आत काळ्या-करड्या धुळीचा थर होता. सेक्रेटरी ठराव विसरले, वाकले, गाल फुगवले आणि फुंकर मारणार इतक्यात काका कडाडले, "फुंकायचं नाही!"

सेक्रेटरींवर कोणी ओरडल्याची ही सोसायटीच्या इतिहासातली पहिलीच वेळ. काकांनी ओले फडके घेऊन धूळ टिपली, फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि माझ्याही नाकावर रुमाल चढवला. त्या ओरडण्यामागे केवढा इतिहास आहे हे मला नंतर कळले. तो पुढे येईलच.

आधी ड्रमच्या पोटातले दर्शन घेऊ. आत अर्धचंद्रासारखे दोन लोखंडी तुकडे समोरासमोर बसलेले असतात. त्यांना म्हणतात शू. त्यांच्या पाठीवर जे घासणारे अस्तर असते ते लायनर. वरती एक बोटभर व्हील सिलिंडर. आपण ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या जोराने तो दोन्ही शूंना बाहेर ढकलतो. ते फिरत्या ड्रमला आतून दाबतात. आणि पाय काढला की स्प्रिंगा त्यांना परत ओढून घेतात. बास. एवढ्यावर आपण, आपली बायकामुले आणि समोरून आडवी येणारी म्हैस असे सगळे जिवंत असतो.

मी बी.कॉम. असल्यामुळे या व्यवहाराची नोंद द्विनोंदी पद्धतीने करून पाहिली. गती कुठे नाहीशी होत नाही. ती एका खात्यातून निघून उष्णतेच्या खात्यात जमा होते. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात एक लिटर पाणी सुमारे ३३ अंशांनी तापेल. म्हणजे प्रत्येक सिग्नलला आपण सहा कप चहाचे आधण अर्ध्यावर आणून सोडून देतो. आणि वेग दुप्पट केला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. असा व्याजदर सावकारानेसुद्धा लावला नसता.

आता या 'शू'ची गंमत ऐका. ब्रेकच्या अस्तराचा इतिहास खरोखरच जोड्यांपासून सुरू होतो.

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम गावी बर्था बेंझ नावाच्या बाईंनी नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीन चाकांची मोटार बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले आणि त्या फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. मोटारीतून एवढा लांबचा प्रवास त्याआधी कोणी केला नव्हता. नवरा म्हणजे कार्ल बेंझ, यंत्र बनवण्यात हुशार आणि ते लोकांपुढे आणण्यात भिडस्त. बाईंनी लग्नाआधीच आपल्या हुंड्यातली रक्कम त्याच्या धंद्यात घातली होती. तेव्हा ही त्यांची एका परीने थकीत कर्जाची वसुलीमोहीम होती, असे बँकेतला माणूस म्हणेल. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. पेट्रोलच्या जातीचे डाग काढायचे द्रावण औषधाच्या दुकानातून विकत घेतले. चढावर मुलांनी गाडी ढकलली. पण खरी पंचाईत उतारावर झाली. चाकावर दाबले जाणारे ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत चालले. तेव्हा बाईंनी वाटेतल्या एका गावातल्या मोच्याला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासातला हा पहिला ब्रेक लायनर. बाईंचे नाव आज त्या रस्त्याला आहे. मोटारीचे नाव तर जगभर आहे. मोच्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट इंग्लंडातली, डर्बीशरच्या डोंगराळ मुलखातली. तिथले गाडीवान उतारावर घोडागाडी आवरायला लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकत. रबर-चामड्याच्या तळव्याने चाक बरे धरते, हे त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेले नव्हते. ते पाहिले हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने, आणि १८९७ पासून खास ब्रेकसाठीच अस्तर बनवायचा उद्योग सुरू केला. फ्रूड या नावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून, त्यात बायकोच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने 'फेरोडो' हे नाव तयार केले, असे सांगतात. धंद्याच्या नावात बायकोला निदान एक अक्षर देणारा माणूस म्हणून मी ही गोष्ट सौ.ला ऐकवली. "एकच अक्षर?" ती म्हणाली.

ब्रेक ड्रमच्या आत शिरला तो त्यानंतर. सुरुवातीला पट्टा किंवा ठोकळा बाहेरूनच चाकावर आवळत. पाऊस आला, चिखल उडाला की तो निसटे. जर्मनीत मायबाखने विसाव्या शतकाच्या तोंडावर साध्या प्रकारचा ड्रम ब्रेक वापरून पाहिला, आणि १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉने पेटंट घेतले. त्याची युक्ती अशी की शू ड्रमच्या आत ठेवायचे आणि आतून बाहेर दाबायचे. घराला आतून कडी लावल्यासारखे. पाऊस-चिखल बाहेर, काम आत.

या रचनेत एक गुण आयताच मिळाला. फिरता ड्रम आपल्या सोबत शूला ओढू पाहतो. दोहोंपैकी एका शूच्या बाबतीत ही ओढ अशा बाजूने बसते की तो ड्रमला आणखीच घट्ट चिकटतो. आपण दाबले त्याहून अधिक. म्हणजे ज्याला थांबवायचे त्याच्याच जोराने त्याला थांबवायचे! हे तत्त्व आमच्या काउंटरवर रोज सिद्ध होते. ग्राहक जितका जोर करतो, आवाज चढवतो, 'मला ओळखत नाही का' म्हणतो, तितका नियम जास्त घट्ट बसतो. दुसऱ्या शूला ही ओढ उलटी लागते आणि तो पहिल्याच्या मागोमाग आपला जमेल तेवढा भार उचलतो. आमच्या शाखेत असे दोघे आहेत. पण ड्रमला उलटे फिरवले, म्हणजे गाडी मागे घेतली, की दोन्ही शूंच्या भूमिका बदलतात. हे मात्र शाखेत अजून पाहायला मिळाले नाही.

काकांचा नियम असा की एका वेळी एकच बाजू खोलायची. "दुसरी बाजू म्हणजे गाइड. कुठली स्प्रिंग कुठं, तिकडं जाऊन बघायचं." फक्त एवढे लक्षात ठेवायचे की ती बाजू आरशातल्यासारखी उलटी असते. परीक्षेत समोर बसलेल्याचा पेपर पाहून लिहिण्यापैकीच प्रकार. जुना शू हातात घेऊन काकांनी मला दाखवला. लायनर पापडाएवढा उरला होता. व्हील सिलिंडरचे रबर उचकून आत ओल नाही ना पाहिले, कारण ब्रेक ऑइल गळत असेल तर नवे लायनर भिजून वाया जातात. नवे शू दोन्ही चाकांना एकदमच घालायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. आणि लायनरला तेला-ग्रीसचा हात लावायचा नाही. एका गोष्टीचे काम घसरू न देणे असेल, तर तिला लोणी लावू नये, हे आमच्या खात्यातही शिकवतात.

रेनॉच्या काळात व्हील सिलिंडर मात्र नव्हते. पायापासून चाकापर्यंत दांडे आणि तारा जात. एखादी तार जरा ढिली की एक चाक थांबे आणि बाकीची पुढे जाण्याचा ठराव करत. शिवाय बहुतेक गाड्यांना ब्रेक होते ते फक्त मागे. दीड कोटी खपलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चा पायातला ब्रेक तर चाकाला नव्हताच. तो गिअरच्या पेटीत लागे, आणि मागच्या चाकांतले लहानसे ड्रम हाताच्या दांड्याने आवळत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी कोलांटी खाईल अशी भीती लोकांना वाटे. १९२० नंतर चारही चाकांना ब्रेक येऊ लागले तेव्हा युरोपातल्या काही गाड्यांच्या मागे लाल त्रिकोण लावत. अर्थ असा, की सांभाळा, ही गाडी खरोखर थांबते! मागच्याने अंतर ठेवावे. आपल्याकडे अजूनही असा त्रिकोण लावण्यासारखी परिस्थिती आहे. फक्त तो 'ही गाडी सिग्नलला थांबते' म्हणून लावावा लागेल.

दांडे-तारांच्या जागी द्रव आणला तो माल्कम लॉकहीडने. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले होते. शाळेत आपण ते पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. माल्कम विसरला नाही. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना त्याचे हायड्रॉलिक ब्रेक होते. हेन्री फोर्ड मात्र 'पायापासून चाकापर्यंत पोलाद'च बरे म्हणून १९३९ च्या मॉडेलपर्यंत अडून बसले. आता या माल्कमला एक भाऊ होता, ॲलन. दोघांनी आधी मिळून विमाने बनवली. मग माल्कम ब्रेककडे वळला आणि ॲलन विमानांतच राहिला. लॉकहीड विमान कंपनी ती त्याचीच. आज लॉकहीड म्हटले की जगाला विमान आठवते. एक भाऊ उडवणारा, एक थांबवणारा. नाव कोणाचे झाले ते पाहा. आणि ॲलनची विमाने जमिनीवर उतरल्यावर थांबत कशाच्या जोरावर होती?

ड्रमचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे, कारण मी त्याचा वकील नाही. तो बंद डबा असल्यामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लांब घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरही तापून धरेनासा होतो. पेडल खोल खोल जाऊ लागते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. यावर उपाय म्हणजे उघडी चकती दोन बाजूंनी चिमटीत धरणारा डिस्क ब्रेक. त्याचे पेटंट इंग्लंडात लँचेस्टरने घेतले तेही १९०२ सालीच. पण त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते तांब्याचे चिमटे झिजत आणि किंचाळत. पन्नास वर्षे ती कल्पना रांगेत उभी राहिली. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आली, तेव्हा जगाला पटले, की जो उशिरा ब्रेक लावू शकतो तो लवकर पोचतो.

मग मागच्या चाकांत ड्रम राहिले ते का? एक तर ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढच्याच्या मानेवर जातो, तसाच. थांबवण्याचे मोठे काम पुढची चाके करतात. मागच्यांना बेताचेच पुरते. दुसरे, ड्रमला हँडब्रेक जोडायला सोपा. तिसरे, स्वस्त. म्हणजे पुढे दिसायला चकचकीत डिस्क, आणि मागे, कोणाला न दिसणाऱ्या ठिकाणी, बंद डब्यात, कमी खर्चात, मुकाट्याने काम करणारा जुना इसम. प्रत्येक कचेरीची रचना हीच असते.

आता त्या धुळीकडे वळतो.

चामडे जळे, कापूस जळे. न जळणारे अस्तर हवे होते, आणि ते निसर्गाने तयार ठेवले होते. ॲस्बेस्टॉस, म्हणजे दगडाचे सूत. विणता येते, जळत नाही, स्वस्त मिळते. १९०८ पासून फ्रूडच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे लायनर बनू लागले आणि पुढे जगभर बहुतेक ब्रेक त्याच्यावरच थांबले. त्या शतकात किती जीव त्या अस्तराने वाचवले असतील, त्याची मोजदाद नाही. पण खातेवहीला दुसरी बाजू असते.

इंग्लंडातल्या रॉचडेल गावी नेली कर्शॉ नावाची बाई कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती फुप्फुसाच्या विकाराने वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण दाखवून दिले आणि ती हकीकत त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. घरच्यांना नुकसानभरपाई मिळाली नाही. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये धुळीविषयी नियम झाले, पण ते कारखान्यांपुरते. गॅरेजात ड्रम उघडून बसलेल्या पोराच्या नाकापर्यंत ते पोचले नाहीत. ॲस्बेस्टॉसच्या वापरावर ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी आली १९९९ साली. १९२४ ते १९९९. गाडीच्या माहितीपुस्तकात एक तक्ता असतो. अमुक वेगाला ब्रेक लावला तर गाडी किती अंतरावर थांबेल, असा. धोका दिसल्यावर थांबायला लागलेले अंतर इथे पंचाहत्तर वर्षे आहे.

काकांना यातले नाव-साल काही ठाऊक नव्हते. त्यांना आपले उस्ताद ठाऊक होते.

"ड्रम खोलला की उस्ताद पहिली फुंकर मारायचे," ते शू पुसता पुसता म्हणाले. "जोरात. सगळी धूळ तोंडावर. मग आम्ही पोरंही मारायचो. ज्याची फुंकर मोठी तो मोठा मेकॅनिक. नंतर कॉम्प्रेसर आला, मग तर काय, अख्खं गॅरेज पांढरं. उस्तादांना शेवटी दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. सगळे म्हणाले विडी. असेल विडी. पण विड्या मोजता येतात हो साहेब. धूळ कुणी मोजली?"

सेक्रेटरींनी हळूच रुमाल काढून नाकाला लावला. ठरावाची घडी त्यांनी केव्हाच खिशात घातली होती. आता बॅटरी धरून उभे होते. मी नव्या शूंचे खोके वाचून पाहिले. त्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले होते. काकांनी वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. "बरं झालं," ते म्हणाले, आणि तरीसुद्धा फडके ओलेच वापरले. पन्नास वर्षे फुंकर मारायला शिकवलेला माणूस स्वतःहून फुंकर थांबवतो, त्याला पेटंट नसते.

नवे शू बसले. स्प्रिंगा पकडीने ओढून खाचेत गेल्या. ड्रम चढला. मग हाताने चाक फिरवून शू अगदी किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत अंतर जुळवले. पेडल दोन-चारदा दाबून ते वरच्या वर कडक लागते ना पाहिले. हँडब्रेकचे दात मोजले. दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन तास. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र तीनदा घेतला. म्हणजे हिशेबाने पाहता, ताशी साठच्या वेगातून एकदा गाडी थांबवल्याच्या उष्णतेएवढा नक्कीच.

ज्या फियाटवर काकांचे हात घडले ती प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे, आणि चारही चाकांना ड्रम घेऊन मुंबईभर हिंडत असे. ३० ऑक्टोबर २०२३ या दिवशी शेवटची पद्मिनी टॅक्सी नियमाप्रमाणे रस्त्यावरून निवृत्त झाली. फोटो निघाले, लेख आले, लोकांनी हळहळून आठवणी सांगितल्या: त्या शिटांच्या, त्या मीटरच्या, त्या पिवळ्या टपाच्या. त्या गाड्यांनी इतकी वर्षे आम्हांला वेळेवर थांबवले, असे कोणी लिहिल्याचे मला तरी आढळले नाही.

ड्रमचा जमाना मात्र संपलेला नाही. २०२० साली फोक्सवॅगनने आयडी.३ ही विजेवरची नवी गाडी आणली आणि तिच्या मागच्या चाकांत चक्क ड्रम ब्रेक बसवले! विजेच्या गाडीत मोटारच उलटी राबवून वेग कमी करतात आणि ती वीज बॅटरीत जमा होते. (खर्च झालेली गती परत जमा खात्यात. मला फार समाधान वाटले.) त्यामुळे मागच्या ब्रेकला काम थोडे; उघडी चकती अशा बेकारीत गंजते, बंद ड्रमला त्याचे काही नाही. शिवाय युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत, गाडीच्या धुराबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली आहे. म्हणजे काकांचा प्रश्न अखेर कोणीतरी ऐकला. धूळ मोजायला सुरुवात झाली. आणि आपली बरीचशी धूळ आपल्याच पोटात ठेवणारा जुना डबा कोणता, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी आधी आवारातच हळूहळू दोन फेऱ्या मारून, ब्रेक लावून पाहून, मग सौ.ला घेऊन बाहेर पडलो. मंडईच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. आवाज नाही, ओढ नाही, धक्का नाही. सायकलवाला वर न बघता निघून गेला. मी मोठ्या अपेक्षेने सौ.कडे पाहिले.

"काय केलंत एवढं साडेतीन तास?" ती म्हणाली. "मला तर काही फरकच जाणवला नाही."

ब्रेकला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. आम्हां कारकुनांनाही नाही.